कोंडलेला वजीर

कापड कापायच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता आणि मास्तर तो कुणाला हलवू देत नसत. स्वतःलाही नाही. गेल्या हिवाळ्यापासून ते कापड जमिनीवर पसरून, गुडघे टेकून कापत होते आणि उठताना गुडघ्यांना शिव्या घालत होते. गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, एवढं मोठं टेबल असताना खाली का?" मास्तर म्हणत, "टेबल गुंतलंय." कशात गुंतलंय ते समोर दिसतच असे. पण बायको गेलेल्या शिंप्याशी वाद कोण घालणार? उगाच आपलाच शर्ट बिघडायचा.

पटावर त्यांचा आणि बायकोचा शेवटचा डाव होता. मास्तरांचे काळे, तिचे पांढरे. दुपारी काम आटपलं की ती काज-बटणांची टोपली बाजूला सारायची, मास्तर गळ्यातली टेप काढून ठेवायचे आणि डाव सुरू व्हायचा. नियम एकच, पण कडक. हरणाऱ्यानं आपली चूक शोधून समोरच्याला तोंडानं सांगायची. ती सांगितली की जिंकणाऱ्यानं पुढचा डाव मांडायचा, आणि त्यात हरणाऱ्याला पांढरे. मास्तर सहसा जिंकत, त्यामुळे त्यांना हा नियम फार आवडायचा.

त्या दुपारी मात्र त्यांच्या वजिराला कोपऱ्याजवळ एक एकटं प्यादं दिसलं. हावरटासारखा तो धावला आणि त्यानं ते खाल्लं. तिनं शांतपणे एक घोडा काठाला नेऊन ठेवला. वजिरावर घोड्याचा मारा, आणि पळायला एक घर नाही. ती इतकी हसली की सुईत दोरा ओवता येईना. मास्तरांनी डाव सोडला, पण चूक काही कबूल केली नाही. त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. तिथे खाटेवरूनही तिचं तेच, "अहो, सापडली का चूक?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मास्तरांकडे बघून. ते म्हणाले, "चूक कसली? वजीर सुटत होता. घरी ये, दाखवतो."

ती घरी आली नाही. आणि मास्तरांच्या डोक्याला भुंगा लागला. तिच्याशी आपलं शेवटचं बोलणं खरं होतं की निव्वळ थाप? सुटका सापडली तर खरं, नाहीतर मरणाऱ्या बायकोला फसवलं. एवढ्यासाठी पट तसाच होता.

आज कॉलरीला इस्त्री फिरवता फिरवता त्यांना ती सुटका सापडली. वजिरानं पळायचंच नाही! राजाजवळचा उंट खाऊन उलट शह द्यायचा. राजा वजिराला खाणार. मग आपला घोडा पुढे उडी मारून तिच्या राजाला शह देणार आणि तिच्या वजिरालाही धरणार. वजीर गेला, वजीर आला, वर उंट फुकट. मास्तरांनी इस्त्री उभी केली आणि मुलीला फोन लावला.

"वजीर सुटतो गं!"

"कुठला वजीर, बाबा? मी कामावर आहे."

"तुझ्या आईनं कोंडलेला."

मुलगी फोन घेऊन बाहेर आली. मग म्हणाली, "जेवलात का?"

"अगं, जेवण कुठे मध्येच!"

"बाबा, आई तिथे नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंना, सगळ्यांना सांगायची, नवऱ्याचा वजीर पकडला म्हणून. किती खूश होती. राहू द्या ना तिच्याकडे तो डाव."

फोन ठेवल्यावर मास्तरांचा आनंद ओसरला. सुटका सापडली होती, पण ती ऐकून "दाखवा, दाखवा" म्हणत पटावर ओणवं होणारं कुणी नव्हतं. भांडायला माणूस लागतं, ते नसलं की जिंकलेलंही अंगावर येतं. घर फार मोठं वाटू लागलं, आणि होत्या दोनच खोल्या.

तरी शिंप्याची सवय जात नाही. कपडा उलटा करून शिवण आतून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या हाती दिला नव्हता. पट फिरवावा तर मोहरे सांडायचे, म्हणून ते स्वतःच टेबलाला वळसा घालून गेले आणि तिच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बसल्या बसल्या त्यांना पांढरा घोडा दिसला. काठावरचा नव्हे, दुसरा, राजाच्या बाजूचा. वजिरानं उंट खाल्ला तर राजानं त्याला खायचं कशाला? हा घोडाच खाईल. राजा जागचा हलणार नाही, दोघांना एकदम धरणं नाही, काही नाही. वजीर कोंडलेला तो कोंडलेलाच. घोडा इतके महिने तिथेच उभा होता. ज्याला तो दिसायला नको होता, त्याला दिसला नव्हता.

मास्तरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. शिवण पक्की होती, कुठे उसवत नव्हती.

"प्यादं खायला नको होतं," ते मोठ्यानं म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "हाव सुटली मला. आणि सुटका बिटका काही नव्हती गं. थाप मारली मी तुला."

मग त्यांना रडू आलं, आणि ते रडले. कुणी बघायला नव्हतं आणि कुणी गप्प करायलाही नव्हतं.

चूक सांगून झाली होती. आता डाव मांडायचं काम जिंकणाऱ्याचं, आणि तिच्या जागी तेच बसले होते, तेव्हा त्यांनीच मोहरे मांडायला घेतले. काळे स्वतःपुढे, हरणाऱ्याचे पांढरे पलीकडे. वजीर, राजा, प्यादी, सगळं नीट रांगेत.

पहिली खेळी पांढऱ्यांची. ती करायला उठून समोर आपल्या जागेवर जायला हवं होतं, आणि मग ही खुर्ची रिकामी झाली असती.

मास्तर उठले नाहीत.