रोटी हातावर असताना

मी एक जुना माठ आहे मित्रांनो, पण पाणी भरायचा नाही. मला चुलीवर पालथा घालतात, खाली जाळ लावतात आणि माझ्या पाठीवर लंबी रोटी भाजतात. रामाकोना गावच्या कुंभारानं मला घडवलं. माझ्यासोबतचे सगळे फुटले. मी टिकलो, कारण मी मुळातच पक्का.

पांढुर्ण्यात शांताबाईच्या घरी आलो. तिची सून सरला सैल कणकेचा गोळा हातांवर झुलवी, कोपरापर्यंत लांबवी आणि अलगद माझ्यावर सोडी. पोळ्याला सावरगावचे पाहुणे नुसती तारीफ करीत. सरलाचा सगळा मान त्या रोटीत होता. अर्धा माझा, पण जाऊ द्या.

दोन वर्षांपूर्वी रोट्या राखेत पडू लागल्या. शांताबाईचं तोंड काही थांबत नसे. "मीठ टाकलं का वं? पाहुणे किती येऊन राहिले? तुझ्या पोराला फोन केला?" सरला उत्तर द्यायला जाई, की हात तिथंच अडकत.

"ध्यान कुठं असते तुझं?"

"आई, एक तर रोटी होते, नाही तर बोलणं. दोन्ही संगं नाही होत आता."

"मी तर चार कामं एकदम करत होती!"

नागपूरच्या डॉक्टरनं मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. नसांवरचं आवरण खराब होतं म्हणे. मग काम करता करता बोलणं, चालता चालता विचार करणं जड जातं. जाळाजवळ थकवा वाढतो तो वेगळाच.

"पुढच्या पोळ्याला रोट्या बाहेरून आणू," शांताबाईनं ठरवलं आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर धूळ बसली. जाळ नव्हता, तरी मी धुमसत होतो.

यंदा पोळ्याच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, सरलानं मला धुऊन अंगणातल्या चुलीवर घातलं. "पाचच करते आई. पण रोटी हातावर असली की कोणी बोलायचं नाही."

शांताबाई आणि गप्प? माझा जीव खालीवर! रोटी मनगटावर आली. शांताबाईचे ओठ हलले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रोटी कोपरापर्यंत लांबली, झुलली आणि पडली... बरोबर माझ्या पाठीवर.

पदर सुटला. "आता सांग वं, मीठ टाकलं का?"

सरलानं हात पुसले, आठवून पाहिलं. "नाही टाकलं."

शांताबाईनं पहिली रोटी तशीच खाल्ली आणि दुसरी मागितली.

मित्रांनो, कोणाचे हात कामात असले, तर आपला प्रश्न जरा तोंडातच ठेवा. मीठ काय, वरून घेता येतं.