कुणाला सांगणार नाही

वीस वर्षं गणित शिकवल्यावर बाईंनी शालेय समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा नवऱ्याने थट्टा केली होती, "वर्गमुळं काढून झाली, आता मुलांच्या पोटातलं काढणार वाटतं!"

सरावासाठी त्यांना एका अनोळखी शाळेत पाठवलं. खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. एका कोपऱ्यात चेंडूंची जाळी आणि मधोमध दोन खुर्च्या. तिथल्या समुपदेशक ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, पण या कामात मुरलेल्या. बाईंना त्यांच्या हाताखाली शिकायचं होतं.

पहिली आली सातवीतली एक मुलगी. ती मधल्या सुट्टीतही दप्तर मांडीवरून खाली ठेवत नाही, म्हणून वर्गशिक्षकांनी पाठवलेली. तीन आठवडे ती गप्पच. बाईंचा जीव कासावीस झाला. आपल्याला हे जमणार नाही, असं वाटायला लागलं. चौथ्या आठवड्यात ती अचानक म्हणाली, "कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही गं. अगदी शपथ."

मुलीने कंपासपेटी उघडली. आत पेन्सिल नव्हती, कर्कटक नव्हतं. गोळ्यांची पाकिटं दाबून भरलेली होती.

"आईच्या झोपेच्या आहेत. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून ती म्हणते, सगळ्या एकदम घेतल्या की सुटले. म्हणून मी शाळेत घेऊन येते. लागेल तेवढी एकच देते तिला."

बारा वर्षांची पोर चार महिने आईला राखत होती. तिला वर्गात पाठवून बाई तडक ताईंकडे गेल्या.

"शपथ घेतलीत?" ताईंनी विचारलं.

"हो."

"ती घ्यायला नको होती. मोडायला आलात, हे बरं केलंत."

तासाभरात मुलीचे मामा आले. आईला त्याच दिवशी इस्पितळात दाखल केलं. मुलीला न्यायला मामा कार्यालयात थांबले होते. समोरच्या टेबलावर ताईंनी तिच्या दप्तरातून काढून घेतलेली कंपासपेटी होती. मुलीने ती पाहिली आणि मग बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही शपथ घेतली होती."

"चुकलं माझं. तसा शब्द मी द्यायलाच नको होता. पण बाळा, तुझी आई..."

"आईला मी सांभाळत होते ना!" ती एवढ्या जोरात ओरडली, की कारकुनाने मान वर केली. मग मामांचा हात झटकून ती एकटीच पुढे चालू लागली.

दोन महिन्यांनी तिची आई शाळेचा दाखला न्यायला आली. मुलगी आता मामांच्या गावी शिकणार होती. आई खंगलेली, पण केस नीट विंचरलेले. "मी आहे ती तुमच्यामुळे," ती म्हणाली. मग म्हणाली, "लेक मात्र माझ्याशी धड बोलत नाही. तुमचं नाव काढलं तर उठून जाते."

आई गेल्यावर बाई चेंडूंच्या जाळीकडे तोंड करून रडल्या. ताई शेजारी येऊन बसल्या. समजावणं नाही, पाठ थोपटणं नाही. एवढंच म्हणाल्या, "तिच्यासाठी हवं तेवढं रडा. स्वतःच्या चुकीसाठी रडू नका, ती वहीत लिहा."

बाईंनी लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं.

पुढच्या सोमवारी आठवीतली एक मुलगी खुर्चीच्या कडेला येऊन टेकली. तिने तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "एक आधी ऐक. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मी गप्प राहू शकणार नाही. बाकी सगळं माझ्यापाशी राहील."

मुलीने दाराकडे पाहिलं. मग ती उठली, "नको मग," म्हणाली आणि निघून गेली.

बाईंनी तिला हाक मारली नाही. दार तिने उघडंच टाकलं होतं. ते त्यांनी तसंच राहू दिलं आणि दुसरी खुर्ची किंचित दाराकडे वळवून ठेवली.