छताखालचं कापड

प्रसेनजीतनं मान वर केलीच नाही, हे आक्काताईंचं गाऱ्हाणं होतं. दोन दिवस झाले, जिन्यात, नळापाशी, विहाराच्या पायरीवर, जो सापडेल त्याला धरून त्या हेच ऐकवत होत्या.

"बशीभर पोहं खाल्लं. वर आणि अर्धी बशी मागून घेतली. ताक प्यालं, ढेकर दिली, कागदावर सही ठोकली आन् जिना उतरून गेलं. पर मान म्हणून वर केली न्हाय. मानंला काय पट्टा बांधलता व्हय डॉक्टरनं?"

प्रसेनजीत म्हणजे काही परका नव्हे, त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. आई लहानपणीच गेली, म्हणून दहावीपर्यंत आक्काताईंच्या हातचं खाऊन वाढला. त्यांना थोरल्या आई म्हणायचा. आता कोल्हापूरला खेटून असलेल्या त्यांच्या नगरपरिषदेत नगरसेवक झाला होता, आणि त्या निवडणुकीत गुडघे दुखत असताना आक्काताई दारोदार फिरल्या होत्या. घरकुलं आणि लोकांच्या तक्रारी बघायला नगरपरिषदेनं तिघांची समिती नेमली, तिच्यातही त्याचं नाव होतं. परक्यानं डोळे मिटले असते तर आक्काताईंनी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. हा तर घरचा होता.

भानगड होती छताची. घरकुलाच्या तीन मजली इमारतीत आक्काताईंची खोली सगळ्यात वर. मुलगा धोंडीराम शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आणि नात प्रीती नर्सिंगचं शिकत होती. तीन पावसाळे छत पाझरलं. या उन्हाळ्यात गिलावा फुगून सुटायला लागला. एका सकाळी प्रीती अंथरुणातून उठून तोंड धुवायला गेली आणि मागं तिच्या उशीवर भाकरीएवढा पोपडा येऊन पडला. त्या दिवसापासून तिघंही खोलीच्या एका कडेला, दाराशी डोकं करून झोपत होती.

प्रीतीनं मोबाइलवरून तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा आठ दिवसांनी निरोप आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोण आलं नाही, गेलं नाही. आक्काताईंनी स्वतः तक्रार केंद्राला फोन लावायला लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार बंद झालेली दिसते."

"तुला तिथं बसून दिसती, मला हितं छताखाली बसून बी दिसंना!" म्हणून आक्काताईंनी फोन प्रीतीच्या हातात कोंबला.

शेवटी प्रीतीनं समितीकडं लेखी अर्ज दिला, आणि समितीनं कळवलं, मंगळवारी जागेवर येऊन पाहणी करू. त्यानंतर गुरुवारच्या बैठकीत दुरुस्तीची रक्कम ठेवायची की काढायची ते ठरणार होतं. पावसाळा महिन्यावर आला होता. या खेपेला नाव गळालं की पुढं वर्षभर त्या छताखाली काढायचं.

इथं आक्काताईंचा स्वभाव आडवा आला. पाहुणा जीपमधून येवो की पायी, त्याच्यापुढं घरातलं फाटकं मांडायचं नाही, हे त्या सासूकडून शिकल्या होत्या. सासूनं जन्मभर दुसऱ्यांच्या बांधावर खुरपं चालवलं, पण दारी आलेल्याला धडक्या कपातच चहा दिला. मंगळवारी सकाळी सहालाच आक्काताईंनी जमीन पुसून घेतली. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना नवे हार घातले. पोह्यांची तयारी झाली. मग त्यांनी छताकडं बघितलं आणि विहारातून जयंतीच्या मांडवाचं पांढरं कापड मागवून आणलं. धोंडीरामला स्टुलावर चढवून चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून घेतले. खोली कशी लग्नघरासारखी दिसायला लागली.

"आज्जी, अगं ते छतच बघायला येत्यात," प्रीती म्हणाली.

"आन् बघता बघता पोह्यात चुना पडला म्हंजे? गावभर करतील, आक्काताईनं चुन्याचं पोहं घातलं म्हणून. ज्याला बघायचंय तो कापड बाजूला सारून बघंल की. डोळं हायत त्यास्नी."

समितीतली दोन माणसं आली, प्रसेनजीत आणि एक कनिष्ठ अभियंता. अध्यक्ष संयोगिता मॅडमना त्या दिवशी दुसरीकडं जायचं होतं. प्रसेनजीतनं पाया पडून जयभीम केला, पोहे खाल्ले, आणि त्यांच्याच घरात बसून चुलतभाऊ धोंडीरामकडून स्वतःचा फोटो काढून घेतला. पाहणी झाली ती एवढीच.

गुरुवारी आक्काताई इस्त्रीचं लुगडं नेसून प्रीतीबरोबर नगरपरिषदेत गेल्या. कापडी पिशवी पोटाशी घट्ट धरलेली. बैठकीला लोकांना मागच्या खुर्च्यांवर बसता येत होतं, आणि अर्जदाराला विषय निघाल्यावर बोलता येत होतं. संयोगिता मॅडम सावकाश, एकेक कागद उलटा करून वाचायच्या. पंख्याच्या वाऱ्यात त्यांचा आवाज अर्धा विरत होता, पण आपल्या इमारतीचा नंबर आक्काताईंना बरोबर ऐकू आला.

"इमारत क्रमांक दोन, तिसरा मजला. समक्ष पाहणी केली. छत सुस्थितीत आढळले. रहिवासी समाधानी. दुरुस्तीची आवश्यकता नाही. सबब सदर रक्कम मुख्य रस्त्यावरील स्वागत कमानीकडे वर्ग करावी." मॅडमनी चष्मा काढला. "अर्जदार आलेत का?"

आक्काताई उठल्या. प्रीती पदर ओढत होती, तो त्यांनी सोडवून घेतला.

"आल्याती की. मला एकच इचारायचंय, मॅडम. त्या प्रसेनजीतला इचारा, मान वर केलतास काय?"

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. प्रसेनजीत लाल झाला, पण बैठकीच्या भाषेत बोलला. "थोरल्या आई, छत आम्ही पाहिलं. पांढरं शुभ्र होतं. एक डाग नव्हता."

"ते छत न्हवतं—" एवढं बोलून आक्काताई थांबल्या.

कारण पुढचं वाक्य त्यांना आत्ता, तोंडाशी आल्यावर दिसलं. ते कापड आपणच बांधलं. आपल्याच हट्टानं, नात नको म्हणत असताना. आता हे म्हणायचं तर भरल्या सभेत म्हणायचं, की आपलं घर दाखवण्यासारखं नव्हतं म्हणून झाकून ठेवलं. पहिल्या रांगेत जैन गल्लीतला किराणा दुकानवाला सम्मेद बसला होता. उधारीवर माल घेताना आक्काताईंनी त्याच्यापुढं कधी मान खाली घातली नव्हती. गप्प बसलं तर मान राहत होता, आणि छत जात होतं. त्यांना उशीवरचा तो पोपडा आठवला.

"छत न्हवतं ते," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कापड हुतं. जयंतीच्या मांडवाचं. मी बांधून घेतलतं. पावण्यांच्या बशीत चुना पडू नये म्हणून. माझ्या घराचं छत गळतंय, पडतंय, आन् मला त्याची लाज वाटली. झालं?"

आता कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हीच झाकून ठेवलंत तर पाहणीला आलेल्यांनी काय करायचं?"

"बरोबर हाय तुमचं. ती चूक माझीच, लिवून घ्या." आणि त्यांनी पिशवीतून तो पोपडा काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. आतल्या बाजूला सळीच्या गंजाची तांबडी रेघ उमटली होती. "पर माझ्या चुकीनं हे काय खोटं हुईत न्हाय."

कनिष्ठ अभियंत्यानं पोपडा उलटा करून बघितला आणि कपाळ पुसलं. प्रसेनजीत म्हणाला, "मला काय माहीत ते कापड हाय? मला वाटलं रंग दिलाय नवा."

तेव्हा प्रीती उठली. पुढं जाऊन तिनं आपला मोबाइल मॅडमच्या हातात दिला. मंगळवारी दुपारी प्रसेनजीतनं सगळ्या गावाला दिसेल असा लावलेला तो फोटो होता. खाली ओळ होती, घरकुल पाहणी करताना. हातात पोह्यांची बशी, चेहऱ्यावर हसू, आणि डोक्यावर, कापडाच्या काठाला, वीतभर तांबडी अक्षरं. मॅडमनी ती मोठ्यानं वाचली.

"सौजन्य, प्रसेनजीत कांबळे."

जयंतीला मांडवाचं कापड त्यानंच दिलं होतं. स्वतःचं नाव त्यानं स्वतः उभं राहून छापून घेतलं होतं.

मॅडमनी मोबाइल परत दिला. "उद्या सकाळी दहाला पुन्हा पाहणी. मी स्वतः येणार. शिडी आणि हातोडी घेऊन यायचं. आजी, कापड नको आणि पोहेही नकोत. कमानीचा विषय तोवर थांबला."

शुक्रवारी सकाळी खोली होती तशी होती. कापड घडी करून विहारात परत गेलं होतं. भिंतीवरचे ओले नकाशे, लोंबणारा गिलावा, दाराशी गुंडाळलेली अंथरुणं, सगळं उघडं. आक्काताईंना अंगावर पदर नसल्यासारखं वाटत होतं, पण त्या हलल्या नाहीत. मॅडम आल्या, त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

शिडीवर प्रसेनजीतलाच चढावं लागलं, कारण अभियंत्याचं पोट आडवं येत होतं. त्यानं हातोडीनं छत ठोकलं. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला घमेलंभर गिलावा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर आला आणि मागं गंजून सुटलेल्या सळ्या दिसायला लागल्या. अभियंत्यानं तिथंच लिहिलं, छत धोकादायक, दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी, तोवर कुटुंबाची समाजमंदिरात सोय. मॅडमनी वाचून सही केली, मोबाइलवरच्या तक्रारी न बघता कुणी बंद केल्या त्याची वेगळी चौकशी लावली, आणि त्या खालच्या मजल्यावर गेल्या.

प्रसेनजीत मागं राहिला. चुन्यानं पांढराफटक झालेला. कागद त्याच्या सहीसाठी हातात तसाच.

"थोरल्या आई," तो हळूच म्हणाला, "कापड मी वळखलं हुतं. पर तुम्ही एवढं सजवलंसा, ते फाडून बघायचं म्हंजे तुमचा अपमान झाला असता. तुमचा मान ऱ्हावा म्हणून—"

"आन् कमान?"

तो सदऱ्यावरचा चुना झटकायला लागला.

"कमानीवर कुणाचं नाव येणार हुतं?"

त्यानं खाली बघितलं. आक्काताईंनी पदराच्या टोकानं त्याच्या डोळ्यावरचा चुना पुसला, लहानपणी शेंबूड पुसायच्या तसा, जरा जोरातच.

"ऐक आता. मी झाकलं ते चुकलंच, ते मी सभेत सांगून आले. पर मी माझ्या घरात झाकलं. तू सरकारच्या कागदावर झाकलंस. पोरीचं डोस्कं माझ्या कापडानं न्हाय, तुझ्या सहीनं फुटलं असतं. आन् माझ्या मानाचं नाव परत घेऊ नगंस, माझा मान मी बघीन. तुला निवडून दिलाय तो वर बघायला. कर सही. सही झाल्याबिगर चहा न्हाय."