ल्युबेकमधला जास्तीचा आठवडा

ल्युबेकच्या फेरीतून ओजसला दोन गोष्टी मिळायच्या होत्या: बायको आणि पहाटेची झोप. यामिनीशी साखरपुडा होऊन वर्ष झालं होतं, पण ती जर्मनीत, ल्युबेकला, शिकायला गेली आणि कॅनडाचं नाव काढलं की विषय बदलायला लागली. हा नागपूरचा पोरगा कॅनडात, आमच्या नॉर्थ यॉर्कच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा आणि पहाटे उठून तिची फोनवर मनधरणी करायचा; वर मला सगळं ऐकू यायचं. पीआरला, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याला, अप्लाय करायला लागणाऱ्या नोकरीचे दोनच महिने कमी होते. त्याआधी समक्ष भेटून तिला हो म्हणवायचं, म्हणून तो २०१७च्या ऑक्टोबरात गेला.

तिथून फोटो आले. हान्झा नावाच्या जुन्या व्यापारी संघाचं ते शहर. नदीकाठी मिठाची गोदामं, वेशीवर दोन जाडजूड बुरूज, एकमेकांकडे झुकलेले. "काकू, कलले तरी टिकलेत बघा," तो म्हणाला. बिचाऱ्याला विटांतही शकुन दिसत होता.

निघायच्या आदल्या दिवशी फोन आला. "काका, यामिनी विचार करते म्हणाली. आठवडाभर राहू का? पण पासपोर्टवरचा कॅनडाचा व्हिसा शनिवारी संपतोय."

आमच्या ह्यांना, नंदकुमारांना, माहीत नाही असं काही नसतं. भाडेकरूला सल्ला भाड्यातच मिळतो. "अरे, वर्क परमिट पुढच्या वर्षापर्यंत आहे ना? मग व्हिसाचं काय घेऊन बसलास? राहा बिनधास्त."

"एकदा कन्फर्म करू का कुठे?"

"कर की. मी काय, वीसच वर्षं राहतोय इथे."

यानंतर आपल्याकडचा कुठला मुलगा दुसऱ्याला विचारेल? ओजस राहिला.

आठवडा सरताना त्याच बुरुजांखाली यामिनीने सांगितलं, मी इथेच राहणार. दुसऱ्या दिवशी त्याला विमानात चढू दिलं नाही. परमिट होतं ते काम करायचं. देशात शिरायला व्हिसाच लागतो. तो नागपूरला गेला. नवा व्हिसा येईपर्यंत कंपनी थांबली नाही, आणि ते दोन महिने कमी ते कमीच राहिले.

"मी म्हटलं होतं त्याला, कन्फर्म कर," हे आता जेवताना सांगतात. शब्दशः खरं आहे.

नाताळात मी त्याचे स्नो-बूट खोक्यात भरले. यामिनीला तिचं शहर मिळालं. ह्यांना नवा भाडेकरू मिळाला. तोही काका म्हणतो, सगळं विचारतो. मला पहाटेची शांतता मिळाली, आणि तीच ऐकत मी पडून असते. किंमत भरली ती एकट्या ओजसने, सगळ्यांच्या वाटची.