एदझोचं मूळ

दाक्षायणीनं सकाळीच बजावलं होतं, "अप्पा, पाहुण्यांसमोर एस्पेरांतो नको." पण महादेवप्पा ऐकतील तर ना! सोलापुरात गिरणीत हेडक्लार्क असलेला हा माणूस त्या भाषेपायी पार येडा झाला होता.

अक्कलकोटचे पाहुणे पोह्यांना हात लावतात न लावतात तोच अप्पांनी जर्मनीहून आलेलं पत्र बाहेर काढलंच.

"सगळ्या जगाला एक भाषा असावी म्हणून एका डॉक्टरानं ही घडवली. तिच्यात नवरा म्हणजे एदझो, बायको एदझिनो. मला वाटायचं, नवऱ्यावरून बायको निघाली. पण उलटंच की! आधी एदझिनो आली, युवराज्ञीला जर्मनमध्ये जो शब्द आहे त्याच्यातून. कुणी म्हणतं, ज्यू लोक धर्मगुरूच्या बायकोला म्हणतात त्या शब्दातून. आणि तिच्यातनं नवरा काढला! सहा महिने पत्रं लिहिली, तेव्हा मूळ सापडलं."

नवरामुलगा शिवशरण बशीकडे बघत हसला. दाक्षायणीला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एवढ्या दिवसांनी एक बरं स्थळ आलेलं, आणि हे परक्या शब्दाची वंशावळ सांगत बसलेत!

मुलाचे काका तिप्पण्णा कंटाळून म्हणाले, "मुलगी पसंत हाय. फकस्त आमच्यात सुनंचं नाव बदलत्यात. गिरिजा ठिवू."

"ठेवा की," अप्पा म्हणाले आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं.

ठेवा की! शाळेच्या दाखल्यावर, डी.एड.च्या सर्टिफिकेटवर, परवाच आलेल्या मास्तरणीच्या नेमणुकीवर दाक्षायणी. ते नाव यांनी पोह्यांची दुसरी बशी द्यावी तसं देऊन टाकलं! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अप्पा, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

"अंबुबाई... न्हाय, ते आमच्या आईनं ठेवलेलं. त्याआधी..." अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "थांब, आठवतो."

आठवेना. चहा घेऊन दारात उभी असलेली आई आत आली.

"नीलव्वा," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं झाली, या घरात एकदाबी कुनी इचारलं न्हाय."

मग ती तिप्पण्णांकडे वळली. "पोरीचं नाव दाक्षायणीच ऱ्हाईल. पटत नसंल तर च्या पिऊन निघा."

अप्पा घाबरून उठले. तिला आवरायला हाक मारणार होते. पण कुठल्या नावानं मारावी ते त्यांना सुचेना.