काचेमागची ओर्सेत्ता

"गाल एवढे गुळगुळीत कशाला केलेत, बाई?" ओर्सेत्ताने विचारलं. माझी थोरली बहीण फेलिचिता चित्रातल्या खडूवर करंगळी फिरवत होती. ती थांबली नाही.

"तुझेच आहेत. देवी यायच्या आधीचे."

"ते मला आठवतसुद्धा नाहीत."

अर्ध्या व्हेनिसच्या तोंडावर देवीचे वण आहेत, पण माझ्या बहिणीच्या चित्रांत औषधालाही एक वण सापडायचा नाही. आमची चूल त्यावरच पेटते. मी रंग कुटते, खडू वळते, ती बायकांचे चेहरे काढते. सरदारणींना बसून राहायचा कंटाळा. चेहरा उरकला की त्या निघून जातात आणि त्यांचे झगे अंगावर चढवून ओर्सेत्ता बसते. ती खालच्या मजल्यावर भावाकडे राहते आणि एरवी दारात बसून काचेचे मणी ओवते. शहरातल्या किती दिवाणखान्यांत हात तिचे नि तोंड दुसरीचं, हे आम्हा तिघींनाच ठाऊक.

तिशी उलटली तरी तिचं लग्न ठरत नव्हतं. मग तिच्या भावजयीने, कातिनाने, डोंगरातला एक विधुर शोधून काढला. बोर्तोलो त्याचं नाव, पियावे नदीतून लाकडाचे तराफे आणणारा. माणूस बरा होता. एवढ्या लांबून यायचं तर आधी मुलीचं चित्र पाठवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. फेलिचिताने पैसे न घेता चित्र काढलं. ओर्सेत्ताचं स्वतःचं तोंड असलेलं ते पहिलंच चित्र, आणि तेच तिला नकोसं झालं.

"माझे वण चित्रात घाला, बाई," ती म्हणाली. "तो येईल, मला बघेल आणि आल्या पावली परत जाईल. मग त्याच दारात बसून मी मणी कशी ओवू?"

फेलिचिता हट्टी खरी, पण त्या बोलण्याने वरमली. उद्या बघू, म्हणाली. कातिना उद्याची वाट बघणाऱ्यातली नव्हती. त्याच संध्याकाळी तिने काचेत बसवलेलं चित्र उचललं आणि खेचरवाल्याबरोबर रवाना केलं. वर ओर्सेत्ताला बजावलं, "चर्चमध्ये शाल हनुवटीपर्यंत ओढून घे. एकदा पाद्र्याने लग्न लावलं की मग तोंड दाखव नाहीतर पाठ."

मला कातिनाचा भयंकर राग आला. ओर्सेत्ता मात्र दारात बसून मणी ओवत राहिली. नदीवरून तराफे आल्याची हाक कानावर पडली की तिच्या हातातला दोरा सुटे आणि मणी पायरीवरून पाण्यात जात. चेहऱ्याच्या मानाने ती बाई फार सुंदर होती, पण हे डोंगरातल्या माणसाला कोण सांगणार?

ईस्टर झाल्यावर एका सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. ओर्सेत्ता कोणा सरदारणीचा निळा झगा घालून खुर्चीत बसली होती. तिने झटकन शाल तोंडावर ओढली. दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला. हातात टोपी, गळपट्टीवर तपकीर, काखेत घोंगडीत गुंडाळलेली चौकट. बोर्तोलो आहे, हे त्याने सांगायच्या आधीच आम्हाला कळलं.

निळ्या झग्यातल्या बाईला त्याने गिऱ्हाईक समजून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलंही नाही. फेलिचितापुढे चौकट ठेवून तो खालमानेने बोलू लागला. वाटेतल्या हादऱ्यांनी खडूची धूळ काचेला आतून चिकटली होती. ती पुसावी म्हणून घरी त्याने काच काढली होती. नेमकी त्याच वेळी चिमूटभर तपकीर ओढली होती.

"शिंक आली, बाई. तोंड फिरवेपर्यंत पोरीच्या दोन्ही गालांवर ठिपकेच ठिपके. सुकले की जातील म्हणून चुलीजवळ ठेवलं, तर आणखीच पक्के झाले. आख्खी नदी उतरलो, चित्राला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, आणि माझ्याच नाकाने घात केला. तिला कळायच्या आत नीट करून द्या. लग्नाआधीच तोंड खराब केलं म्हटल्यावर ती मला उभं करील का?"

मी चित्र पाहिलं आणि ओठ दाताखाली धरला.

ओर्सेत्ता उठली. चित्राशेजारी येऊन उभी राहिली आणि तिने शाल मागे टाकली.

बोर्तोलोने तिला पाहिलं, चित्राला पाहिलं, पुन्हा तिला पाहिलं. मला वाटलं, संपलं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "मी काही बिघडवलेलं नाही?"

"नाही," ओर्सेत्ता म्हणाली. "राहिलेलं काम तुम्ही पुरं केलंत."

तो माझ्या खडूंच्या पेटीवर मटकन बसला. "देवा रे. नदीभर डोळ्याला डोळा नाही." ओर्सेत्ता हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. माझ्याही जिवात जीव आला. सवयीने त्याचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला, तशी फेलिचिताने त्याला खिडकीकडे पिटाळलं.

मग सवयीनेच तिनेही गाल सारखे करायला खडू उचलला.

"राहू द्या, बाई," ओर्सेत्ता म्हणाली.

तिने निळा झगा उतरवून खुंटीला अडकवला आणि आपल्या तपकिरी घरच्या कपड्यांत, हनुवटी वर करून खुर्चीत बसली. फेलिचिताने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"डाव्या भुवईवरचा एक राहिलाय," ती म्हणाली. करंगळी जिभेला लावून ओली केली आणि चित्रावर बरोबर जागा बघून टेकवली.