येतो म्हणून गेलेल्याचा कोट

इकडे बघा, दारामागे. खुंटीवर तो तपकिरी, बाह्या जरा जास्तच लांब असलेला कोट दिसतोय ना, तोच मी बोलतोय. बाह्यांना हसू नका. दोष माझा नाही, शिंप्याचा आहे.

माझा जन्म अशा गावातला, जिथे थंडी कधी आली आणि कधी गेली याचा पत्ता लागत नाही. तिथल्या शिंप्याने उभ्या हयातीत ओव्हरकोट शिवला नव्हता. पण "जमेल का?" विचारलं की "न जमायला काय झालं?" म्हणणाऱ्यांतला तो. आप्पांनी मला पहिल्यांदा अंगात घातलं तेव्हा त्यांची बोटंसुद्धा दिसेनात. शिंपी जराही डगमगला नाही. म्हणाला, "तिकडच्या थंडीत कापड आखडतं. बाही मुद्दाम वाढती ठेवलीय." आप्पांना ते पटलं. मी काही आखडलो नाही.

आप्पा म्हणजे माझे मालक. छपाईची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात जोडारी. यंत्र परदेशात विकलं गेलं की त्याचे सुटे भाग पेट्यांतून पुढे जायचे आणि ते जोडून चालू करून द्यायला मागून आप्पा. त्यांच्याबरोबर मी. अशा रीतीने मी जग पाहिलं, पण दाराशी उभं राहून पाहिलं. माणूस आत गेला की कोट दाराशी राहतो. जेवणाच्या टेबलापर्यंत मला कधी कुणी नेलं नाही. मात्र माणसं घरात शिरताना कशी शिरतात आणि निघताना काय बोलतात, हे माझ्याइतकं कुणी ऐकलं नसेल.

शहर ओळखावं ते खुंटीवरून, असं माझं मत आहे. पहिलं शहर बंदराचं. तिथे प्रत्येक खुंटीला नंबर आणि दोन कोटांत हातभर अंतर. माणसंही तशीच. ट्राममध्ये शेजारी बसलेला माणूस काचेबाहेर बघत बसायचा. आप्पांना प्रवासात शेजाऱ्याचं गाव कुठलं, मुलं किती, थोरलीचं लग्न झालं का, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे बिचाऱ्यांचं पोट फुगायचं. संध्याकाळी खोलीवर आले की माझ्याशीच बोलायचे. "काय रे, या सगळ्यांचं एकमेकांशी भांडण झालंय का?" पण एकदा भर पावसात आप्पा रस्ता चुकले, तेव्हा याच अबोल लोकांतला एक जण अर्धं शहर त्यांच्याबरोबर चालत आला. दारापर्यंत सोडलं, मान हलवली आणि चकार शब्द न बोलता परत फिरला. त्या दिवसापासून आप्पांनी भांडणाची चौकशी बंद केली.

दुसऱ्या शहराची तऱ्हाच उलटी. एका खुंटीवर पाच-सहा कोट, एकमेकांच्या उरावर. दुपारी दुकानं लावून घेऊन सगळं शहर झोपायचं आणि उठलं की भेटेल त्याला मिठ्या मारत सुटायचं. माझी दोन बटणं त्या मिठ्यांतच गेली. निघतो निघतो म्हणत माणसं दारात उभी राहिली की तिथेच नव्याने गप्पा रंगायच्या. आप्पांना अगदी घरी असल्यासारखं वाटे. यंत्र चालू व्हायला उशीर झाला, पण त्याचं दुःख कुणालाच झालं नाही.

तिसरं शहर चढणीचं. गल्ल्या कसल्या, जिनेच ते. अशाच एका जिन्याच्या टोकाला एका बाईंच्या घरात आप्पांना खोली मिळाली. बाई एकट्या, वयाने आप्पांच्या थोरल्या बहिणीएवढ्या. दारामागे दोन खुंट्या. एक त्यांची, एक माझी.

आप्पांना त्यांची भाषा येत नव्हती. बाईंनी ती स्वयंपाकघरात शिकवली. ये, बस, खा, हात धू. आप्पांनीही त्यांना एक शब्द दिला, तो मात्र नकळत. बाई रस्सा वाढायला लागल्या की आप्पा ताटलीवर हात आडवा धरून म्हणायचे, "पुरे, पुरे!" बाईंना वाटलं, 'पुरे' म्हणजे फक्कड. त्या आणखी वाढायच्या. शेजारणीने नवी टोपी घातली तरी बाई दारातून ओरडायच्या, "पुरे!" आप्पांनी चूक कधी दुरुस्त केली नाही. त्या हिवाळ्यात त्यांचं वजन इतकं वाढलं की मी पहिल्यांदा त्यांना नीट बसलो.

यंत्र सुरू झालं. निघायचा दिवस उजाडला. आप्पांनी मला खुंटीवरून काढलं, बॅग उचलली. बाई दारात आल्या आणि त्यांच्या भाषेत साधंच विचारलं, "जातोस?"

आप्पा दचकलेच. दारात, प्रवासाला निघताना, 'जातो' असं अभद्र कुणी बोलतं का! जो शब्द त्यांच्या आईने कधी तोंडातून काढू दिला नाही, तो या माउलीने पटकन उच्चारला. त्यांनी बोट वर केलं आणि तिच्याच भाषेत, अगदी शुद्ध व्याकरणात तिला सुधारलं, "जातो नाही. येतो."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग चेहरा फुलला. "येतोस? बरं. मी आहे."

आप्पा जिना उतरले, जीव कसा हलका झालेला. घरी आल्यावर मी डांबराच्या गोळ्यांसोबत ट्रंकेत गेलो. गोळ्यांचा वास येत राहिला आणि वर्षं जात राहिली. आप्पा निवृत्त झाले. मला वाटलं, आपलंही संपलं.

मग एकदा कारखान्यातला एक चष्मेवाला जोडारी त्यांच्याकडे आला. आप्पांच्या हाताखाली शिकून तयार झालेला. त्या चढणीच्या शहरात यंत्राच्या दुरुस्तीला जाऊन आला होता आणि तिथला किस्सा त्याच्या पोटात मावत नव्हता. माझी ट्रंक त्याच खोलीत, पलंगाखाली. मला सगळं ऐकू आलं.

"आप्पा, तुमच्या त्या बाईंनी मला खोली दिली नाही! म्हणे, दिलेली आहे. कुणाला दिलीय, तर म्हणे जोडाऱ्याला. तो येतो म्हणून गेलाय. मलाच विचारतात, वाटेत आहे का?"

सगळे खो खो हसले. माई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, लेक, जावई, सगळे. आप्पांचं हसू ऐकू आलं नाही.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. माई म्हणाल्या, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? आपण दूधवाल्यालाही येतो म्हणतो."

"दूधवाल्याला कळतं गं. तिला कसं कळणार? ती वाट बघत बसली ना."

"मग आता काय करणार?"

"जाणार," आप्पा म्हणाले. मग जीभ चावून म्हणाले, "जाऊन येणार."

जावयाने समजावलं, गुडघ्यांचं काय, तो जिना काय, आणि बाई अजून असतील कशावरून? लेकीने फोन करू या म्हटलं. आप्पांचं एकच, "शब्द दारात दिलाय, दारातच फेडायचा." ती असेल का, या एका विचाराने मात्र त्यांची झोप उडाली होती. शेवटी माईंनीच ट्रंक ओढली आणि मला बाहेर काढून झटकलं. "चला. तुम्हाला एकट्याला सोडलं तर परत कुणाला तरी येतो म्हणून याल."

माईंचा हा पहिलाच परदेश. चढणीच्या शहरात पाऊल ठेवताच त्या म्हणाल्या, "अहो, कुणाच्याच दारात चपला नाहीत. घरात माणसं आहेत की नाहीत, कळायचं कसं?" खिडक्यांचे स्वच्छ पडदे बघून त्यांना ते धुणाऱ्यांची काळजी लागली. आप्पा जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे, कठडा धरायचे. मी त्यांच्या अंगावर होतो. छातीची धडधड मला कळत होती.

दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. माईंनी आप्पांचा हात धरला. मग आतून काठीचा आवाज आला आणि दार उघडलं.

बाई लहानखुऱ्या झाल्या होत्या. त्यांनी आप्पांना नीट न्याहाळलं, माईंना न्याहाळलं. मग म्हणाल्या, "आलास. हात धू." खोलीत पलंगावर धुतलेली चादर अंथरलेली होती. ती पाहून आप्पा दारातच लहान मुलासारखे रडले.

पाहुणचार झाला. एके दिवशी माईंनी हातवारे करून सगळं उलगडलं. दाराबाहेर गेल्या, "येते" म्हणाल्या, हात हलवून लांब निघून गेल्याचं दाखवलं. बाईंना हळूहळू उमगलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फक्त विचारलं, "मग जातो कधी म्हणता तुम्ही?"

आप्पांनी तो प्रश्न माईंना मराठीत सांगितला. माई म्हणाल्या, "नाही म्हणत हो. कधीच नाही."

निघायची सकाळ आली. बाई दारात काठी टेकून उभ्या राहिल्या. आता 'येतो' म्हणणं खोटं होतं. पुन्हा येणं होणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं आणि मलाही. आप्पांनी तोंड उघडलं. "जा..." एवढंच आलं, पुढचं अक्षर काही केल्या फुटेना. बाई वाट बघत होत्या. आप्पांनी हात जोडले, वळले आणि जिना उतरायला लागले.

खालून माईंचा आवाज आला. "अहो, कोट राहिला वरती!"

"राहिला नाही. ठेवलाय."

"अहो, केवढा गारठा आहे!"

"मला नाही वाजत," आप्पा म्हणाले. दात वाजत होते, ते मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

बाई दार लोटून माझ्यापाशी आल्या. माझी लांबलचक बाही हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग दोन्ही बाह्या त्यांनी नीट सारख्या केल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता त्या खोली भाड्याने देतात. नवा माणूस आला की त्याला आपला कोट खुर्चीवर टाकायला सांगतात, खुंटी मात्र देत नाहीत. माझं अस्तर विरलंय, कॉलरला कसर लागलीय. आप्पांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही आणि विचारायची माझी छाती नाही. त्यांच्या घरचं कुणी कधी या बाजूला आलंच, तर एक विनंती आहे. मला न्यायला येऊ नका. बसायला या.